समुद्राकडचा वाटा

१

दर ऑगस्टला आठ दिवस समुद्रावर घर भाड्याने घ्यायचं आणि तिथे जाऊन घरी करतो तेच करायचं, म्हणजे रांधायचं, वाढायचं आणि भांडी घासायची, याला पोर्ट ऑफ स्पेनमधली माणसं सुट्टी म्हणतात. वर्लिनही म्हणायची. औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहून लोकांच्या गोळ्या बांधणारी बाई ती. तिला समुद्रावरची भांडीसुद्धा गोड लागायची.

या वर्षी मात्र कारण वेगळं होतं. तिची सहा वर्षांची ओडेट जानेवारीत न्यूमोनियाने अठरा दिवस इस्पितळात पडून होती. वाचली, देवाची कृपा. पण तेव्हापासून पोरीची अन्नावरची वासनाच उडाली. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले, मानेची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. शेजारीण म्हणाली, कुणाची तरी नजर आहे. वर्लिनने हवा बदलली, कारण ती शिकलेली होती, आणि पोरीच्या मनगटात गुंजांची माळही बांधली, कारण ती आई होती.

आन्स मारी हे गाव म्हणजे एक रस्ता, एक देऊळ, दोन दारूची दुकानं आणि समुद्र. घर मिस युलालीचं. लाकडी, खांबांवर उभं, खाली माणूस वाकून चालेल एवढी मोकळी जागा, पुढे ओटी, ओटीवर झुला. मिस युलाली मागच्याच अंगणात राहायची. सत्तरीची, सुकलेली, तोंडाने फटकळ.

रविवारी संध्याकाळी किल्ली देताना तिने ओडेटला वरून खाली न्याहाळलं. "पोर आहे की खराट्याची काडी?" ती म्हणाली. "डूडू, माझ्याकडे ये उद्या. बेक तळते तुझ्यासाठी. खाशील ना?"

बेक म्हणजे तिकडची जाडजूड तळलेली पुरी. ओडेटने नकारार्थी मान हलवली.

"बघा! लाजत पण नाही मेली," मिस युलाली म्हणाली, आणि हसत हसत निघून गेली.

२

सोमवारी सकाळी सहाला शंख वाजला. होडीने जाळं टाकलं की कॅप्टन थिओ शंख फुंकतो आणि अर्धं गाव किनाऱ्यावर उतरतं. जाळ्याचे दोन दोर, वाळूवर दोन रांगा, तोंड समुद्राकडे करून मागे मागे सरकत ओढायचं. आपल्याकडे याला रापण म्हणतात, तिथे काय म्हणायचं ते म्हणोत. नियम सगळीकडे एकच: दोराला हात लावला त्याला वाटा.

वर्लिन रांगेच्या शेवटी उभी राहायला गेली, तर बोसी नावाच्या दात पडलेल्या इसमाने तिला दंडाला धरून आपल्या पुढे ढकललं.

"शेवटी नको. शेवटचा मी," तो म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ए पोर्ट ऑफ स्पेन! दोर ओढायचा असतो गं, कुरवाळायचा नसतो!"

"तू आधी पोट आत ओढ," वर्लिन म्हणाली, "मग मला शिकव."

रांग खदाखदा हसली. ओडेटने पण आपली दोन बोटं दोरावर टेकवली, आणि बोसीने जाहीर केलं की या बाईमुळेच आज जाळं हलतंय. तासभर ओढल्यावर वर्लिनचे खांदे भरून आले, पण मन हलकं झालं होतं. मधेच मागे वळून पाहिलं तर ओढलेल्या दोराचं बोसीच्या मागे वाळूवर वेटोळं पडलेलं होतं. एकावर एक, कसं देखणं. कोण घालत होतं कोण जाणे.

मोठे मासे बर्फाच्या पेट्यांत गेले आणि उरलेल्यांचे कॅप्टन थिओने वाळूवर वाटे घातले. बोसी वाट्यांकडे पाठ करून उभा राहिला. कॅप्टनने एका वाट्यावर काठी टेकवली. "हा कुणाचा?" बोसीने पाठमोऱ्यानेच एक नाव घेतलं. पुढचा. पुन्हा एक नाव. कुणाला मोठा, कुणाला लहान, ज्याचं त्याचं नशीब, भांडण नाही. वर्लिनचं नाव झालं, ओडेटचं झालं. चौदा माणसं, चौदा नावं.

लोक पांगले. कॅप्टन होडीपाशी जाऊन जाळं धुवायला लागला. वर्लिनने पिशवी भरली आणि पाहिलं, तर सगळ्यांपासून जरा दूर, पाण्याच्या बाजूला, आणखी एक वाटा तसाच पडला होता. सहा-सात कॅराइट, आपल्या सुरमईच्या जातीचे, चांगले लांबसडक, चांदीसारखे. किनाऱ्यावरची काळी गिधाडं बाकीची आतडी-खवले उचलून भांडत होती, पण त्या वाट्याकडे एकही फिरकलं नव्हतं.

"मम्मी, हे कुणाचे?" ओडेटने विचारलं.

वर्लिनला वाटलं, आपलेच. बाजारात मोजून झाल्यावर वर मूठभर टाकतात, ज्याला तिकडे लान्याप म्हणतात, ते. पाहुणी बाई, हडकुळी पोर, कॅप्टनने ठेवलं असेल काहीतरी वर. आणि तसंच टाकून गेलं तर म्हणतील, शहरातली, माज केवढा.

"लान्याप, बाळा," ती म्हणाली, आणि मासे पिशवीत भरले. मग होडीच्या दिशेने ओरडली, "थँक्यू, मिस्टर थिओ!"

कॅप्टनने मागे न बघता हात वर केला.

३

लिंबू लावून मासे धुतले, हिरव्या वाटणात मुरवले आणि तळले. पिशवीत वर होते म्हणून ते लांबसडक कॅराइटच आधी घेतले. ताटात एक छोटा तुकडा ठेवून वर्लिन पाठ फिरवून उभी राहिली, कारण बघत बसलं की पोर हमखास खात नसे.

कुरकुर आवाज आला. तिने वळून पाहिलं तर ताट रिकामं.

"अजून," ओडेट म्हणाली.

त्या दुपारी पोरीने तीन मासे खाल्ले. अख्खे. बोटं चाटली, काटे चोखले, ढेकर दिला आणि वर म्हणाली, "मीठ जरा कमी होतं." वर्लिन स्वयंपाकघरात गेली आणि डोक्यांचा रस्सा उकळत होता त्या पातेल्यासमोर उभी राहून ढसाढसा रडली. आठ महिन्यांचं रडणं होतं ते, कुठे राहणार? रडता रडताच तिने एक डोकं वाटीत काढून घेतलं आणि डोळ्यांसकट चोखून खाल्लं. इतकं चवदार काही तिने कधी खाल्लं नव्हतं.

दोनच्या सुमाराला दोघी आडव्या झाल्या. खिडकीच्या फळ्यांतून उन्हाच्या पट्ट्या अंथरुणावर पडल्या होत्या. ओडेटला लगेच झोप लागली. वर्लिनचाही डोळा लागत होता, तेवढ्यात खालून आवाज आला.

सर्र... थप.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. सर्र... थप.

ओला दोर वाळूवरून ओढला की सर्र होतं, आणि वेटोळ्यावर टाकला की थप. सकाळभर तोच आवाज कानात होता म्हणून तिने ओळखला. कुणीतरी घराखाली दोर गुंडाळत होतं, बरोबर त्यांच्या खाटेखाली. काही घाई नव्हती त्याला.

"कोण आहे?" तिने विचारलं. आवाज थांबला.

ती पायऱ्या उतरून खाली गेली, वाकून पाहिलं. दोर नव्हता, माणूस नव्हता. वाळूवर एक गोल ओला डाग होता, सुपाएवढा, आणि त्यात एकात एक वेटोळी उमटलेली. असेल कुणी. सावलीत दोर ठेवला असेल, मी हटकल्यावर घेऊन गेला असेल. भरदुपारी भुतं येत नाहीत, असं तिने स्वतःला बजावलं, आणि मग भूत हा शब्द मुळात आपल्या डोक्यात का आला म्हणून स्वतःवरच चिडली.

४

मंगळवारी समुद्र खवळलेला होता. शंख वाजला नाही.

सकाळी वेणी घालताना वर्लिनला पोरीचे तळहात दिसले. दोन्ही हातांवर, मधोमध आडवी, लालभडक रेघ. कातडी सोलवटलेली.

"हे कशाने?"

"दोराने."

"कालच्या? अगं, तू तर दोन बोटं लावली होतीस."

"सकाळच्या नाही," ओडेट म्हणाली. "दुपारच्या."

"दुपारी तू झोपली होतीस."

ओडेटने आईकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. वर्लिनने मलम लावलं, पट्टी बांधली. झोपेत खाटेची कड धरली असेल. नव्या जागेत मुलं झोपेत काय काय करतात. तिने बेक आणि कोको-टी पुढे ठेवला.

"नको. माझं जेवण झालंय."

"कधी झालं?"

"काल झालं ना. आता काम."

वर्लिनने सगळं करून पाहिलं. ओरडली, लाडीगोडी केली, गोष्ट सांगितली. ओठ मिटलेले ते मिटलेलेच. कालचे तीन मासे स्वप्नात खाल्ले होते की काय, असं झालं.

दुपारी चारला ती ओटीवर कपडे वाळत घालत होती. समोर वाळूवर ओडेट खेळत होती. किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. खेळत होती म्हणजे रापण ओढायचं सोंग करत होती: दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या, अंग मागे झुकवलेलं. वर्लिनला हसू आलं. एक टॉवेल पिळून झाला. दुसरा पिळला. मग तिच्या लक्षात आलं की पोर जरा जास्तच मागे झुकली आहे.

एवढं झुकलं तर माणूस पडतं. हातात घट्ट काही नसेल तर पाठीवर आपटतं. ओडेट पडत नव्हती. ती तशीच तिरपी, टाचा वाळूत रोवून उभी होती, आणि हळूहळू सरकत होती. मागे नाही. पुढे, पाण्याकडे. तिच्या टाचांनी वाळूत दोन सरळ चर पाडले होते.

टॉवेल कुठे पडला, पायऱ्या कशा उतरल्या, काही कळलं नाही. वर्लिनने पोरीला कमरेला मिठी मारली तेव्हा लाट दोघींच्या गुडघ्यांना लागली. मिठी मारताच पुढून एक हिसका बसला. चांगलाच बसला. मग सगळं ढिलं पडलं आणि दोघी मागे कोसळल्या.

"काय करत होतीस तू? काय करत होतीस?"

"मी त्याचं खाल्लं ना," ओडेट म्हणाली. रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. "म्हणून मी त्याच्या जागेवर. तो म्हणाला, त्याला आता दमायला झालंय."

"कोण तो?"

पोरीने समुद्राकडे नाही, आईच्या मागे, गुंडाळलेला दोर जिथे पडतो तिथे बोट दाखवलं.

५

पहाटेची मॅक्सी टॅक्सी धरून परत जायचं. सुट्टी गेली खड्ड्यात. मॅक्सी नदीवरच्या पुलापलीकडे उभी राहायची. बुधवारी सहा वाजता वर्लिन एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पोर घेऊन निघाली. मिस युलालीला सांगितलंही नाही.

पुलाच्या मध्यावर ओडेट थांबली. हट्टाने नाही, पाय चालत होते, ती पुढे जात नव्हती. मग तिचे दोन्ही हात आपोआप मागे वळले, समुद्राच्या दिशेने, आणि ताठ झाले. पट्टीवर रक्ताचा ठिपका उमटला. आणि छातीतून शीळ ऐकू आली.

ती शीळ वर्लिनला पाठ होती. जानेवारीच्या अठरा रात्री तिने तीच ऐकली होती.

तिने पोरीला कडेवर घेतलं. कडेवरून ती मागे ओढली जायला लागली. वर्लिन दोन पावलं गावाकडे सरली. शीळ थांबली, ओठ गुलाबी झाले. दोन पावलं पुन्हा मॅक्सीकडे. शीळ, आणि ओठ निळे. औषधाच्या दुकानातली बाई ती. एकदा झालं त्यावर विश्वास ठेवायची नाही. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच झालं, आणि चौथ्यांदा पोरीच्या जिवाशी खेळायची तिची छाती झाली नाही.

"येताय का बाई," मॅक्सीवाला ओरडला, "की पुलावरच लग्न लावताय?"

तिने हात हलवून त्याला जायला सांगितलं, आणि कठड्याला धरून खाली बसली. एवढी एकटी ती इस्पितळातही पडली नव्हती.

६

मिस युलाली कोंबड्यांना दाणे टाकत होती. दोघींना बॅगेसकट बघून म्हणाली, "काय गं, भाडं बुडवून पळत होतीस?" मग ओडेटच्या हातांवरच्या पट्ट्या तिला दिसल्या. तिने वाडगा खाली ठेवला. एक पट्टी सोडली, रेघ पाहिली.

"वाटा उचललास," ती म्हणाली. "पाण्याकडचा."

"मला वाटलं लान्याप आहे."

"देवा रे! अगं शहाणे, लान्याप हातात देतात. हातातून हातात! वाळूवर ठेवलेलं लान्याप कुणी बघितलंय का? शिकलीस कुठे तू?"

"कुणाचा असतो तो वाटा?"

"आम्ही विचारत नाही. आम्ही ठेवतो." मिस युलालीने पट्टी पुन्हा बांधली, फार हळुवार हाताने. "माझ्या आजीच्या वेळीही ठेवायचे. चल, थिओकडे."

कॅप्टन थिओ बदामाच्या झाडाखाली जाळं विणत बसला होता. सगळं ऐकेपर्यंत त्याने मान वर केली नाही. आभाराला हात वर केला तेव्हाच वळून बघितलं असतं तर, असं पुटपुटला.

"मी परत देते," वर्लिन म्हणाली. "दुप्पट विकत आणून ठेवते. काय लागेल ते सांगा."

"खाल्लेला मासा परत कसा देणार, बाई? विकतचा त्याला काय करायचाय? ज्याचं खाल्लं त्याच्या जागी ओढावं लागतं. बोसीच्या मागे."

"बोसी तर शेवटचा."

थिओने सुईत दोरा ओवला. बराच वेळ ओवला. "बोसी शेवटून दुसरा," तो म्हणाला.

ओडेट मिस युलालीच्या मांडीवर निमूट बसली होती. तिच्या मुठी वळलेल्याच होत्या. सहा वर्षांच्या पोरीला त्या जागी उभं करायचं?

"मी उभी राहीन. मी तिची आई आहे."

"आई असून चालत नाही. खाणाऱ्याने ओढायचं." मग त्याला काहीतरी आठवलं. "डोकं कुणी खाल्लं?"

"मी," वर्लिन म्हणाली. "रस्श्यातलं. चोखून खाल्लं."

थिओने एवढा मोठा श्वास सोडला की जाळं हाललं. "मग बरं झालं! डोकं खाल्लं त्याचा वाटा मोठा. तूच उभी राहा."

"नक्की सुटेल ना माझी पोर? नुसतं ओढून भागेल ना?"

"ते मी कसं सांगू?" थिओ म्हणाला. "जुनी माणसं सांगायची तेवढं सांगितलं. आजवर कुणी उचलला नव्हता."

७

गुरुवारी समुद्र शांत होता. शंख वाजला. सगळ्यांना कळलेलं होतं, कारण गावात काय लपतं? कुणी हसलं नाही. बोसीने तिला या वेळी पुढे घेतलं नाही, नुसता बाजूला सरून वाट दिली आणि हळूच म्हणाला, "मी आहे पुढे. काही वाटलं तर शिव्या घाल मला."

ओडेट बदामाखाली मिस युलालीजवळ. हात समोर, ताठ.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. वर्लिन ओढत होती, मागे सरकत होती, आणि मनात हिशेबाने विचार करत होती. माझ्या मागे कुणी नाही. माझ्या हातातून सुटलेला दोर वाळूवर पडणार. मागचा दोर ढिला असणार. असलाच पाहिजे.

तो ढिला नव्हता.

तिच्या मुठीमागे दोर ताणलेला होता. तिने ओढायच्या आधी क्षणभर कुणीतरी ओढत होतं. नेमाने, दमाने, आयुष्यभर हेच केलेल्या माणसाच्या सवयीने. ओला दोर जड असतो, वजनाने ताणला जात असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग सर्र झालं. मग थप. तिच्या टाचांपासून हातभर अंतरावर. तिच्या मानेवर गार पाण्याचे थेंब पडले, आणि आभाळ तर कोरडं ठणठणीत होतं.

"बोसी," ती म्हणाली, "गाढवा. नालायका. ढेरपोट्या."

"आहे गं, आहे," बोसी पुढून म्हणाला. त्याचा आवाज कापत होता.

तिने मागे पाहिलं नाही. कुणी मनाई केली होती म्हणून नव्हे; आपल्याला बघवणार नाही हे तिला ठाऊक होतं म्हणून. तळहात फाटले. तिला बरं वाटलं. माझे फाटू देत, पोरीचे नकोत. ती मनातल्या मनात तेवढंच म्हणत ओढत राहिली.

जाळं आलं. वाटे पडले. बोसी पाठ करून उभा राहिला. तेरा नावं झाली, आणि चौदावा वाटा पाण्याच्या बाजूला. त्यावर थिओने काठी टेकवली नाही. वर्लिनने बदामाकडे पाहिलं. ओडेटचे हात अजून ताठ होते.

म्हणजे नुसतं ओढून भागलं नव्हतं. आणि मग मिस युलालीचे शब्द आठवले. हातातून हातात. इतकी वर्षं याच्यासाठी वाळूवर ठेवत आले सगळे. हातात कधी कुणी दिलं असेल याला?

तिने आपल्या वाट्यातले दोन मासे उचलले, पाण्याकडे चालत गेली आणि त्या वाट्यापाशी उभी राहिली. मागे सगळ्यांची कुजबुज थांबली. एकेकाने समुद्राकडे पाठ केली, नावं पुकारताना करतात तशी.

वर्लिनने दोन्ही हात पुढे केले. समोर ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसत होतं.

"हे घे," ती म्हणाली. "तुझ्या वाट्यातलं नाही. वरचं. लान्याप. हातात देतेय."

काहीच झालं नाही. लाट आली, गेली. मग तिच्या हातांखाली दुसरे हात आले. थंड, खरखरीत, थबथबलेले. मासा उचलला गेला. ओरबाडून नाही, म्हातारं माणूस देवळात प्रसाद घेतं ना, तसा. दुसरा घेताना एक तळहात क्षणभर उताणा झाला आणि तो तिला दिसला. मधोमध दोराने पाडलेली खाच होती. पार आतपर्यंत गेलेली, आणि समुद्राने स्वच्छ धुतलेली. मनगटापुढे नुसतं ऊन होतं.

मग तिचे हात रिकामे होते.

"मम्मी!" बदामाखालून ओडेटची किंकाळी आली. "मम्मी, मला भूक लागली! खूप लागली!"

वर्लिन मटकन वाळूत बसली. हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळेना. पोर धावत आली, गळ्यात पडली, हात ऊबदार, छाती मोकळी. बोसी सर्वांत आधी तिच्याकडे वळला.

"ए पोर्ट ऑफ स्पेन," तो नाक पुसत म्हणाला, "ढेरपोट्या कुणाला म्हणत होतीस?"

८

पुढचे तीन दिवस ओडेट खात होती. मिस युलालीचे बेक, पेलाव, आंबे, बोसीने आणलेले ओले नारळ. शुक्रवारी तळहातांवरच्या रेघा फिक्या झाल्या, शनिवारी शोधाव्या लागल्या. घराखाली आवाज नाही. वर्लिन दुपारी दोन-दोन तास घोरत पडायची. तिचे स्वतःचे तळहात मात्र भरत नव्हते, पण त्याचं काय एवढं? औषधाच्या दुकानात मलमाला तोटा नाही.

रविवारी बॅगा ओटीवर काढल्या. मॅक्सीला अर्धा तास होता. वर्लिन आत खिडक्यांच्या फळ्या मिटत होती, मिस युलाली चादरी मोजत होती, आणि दोघी भाड्यावरून नाही तर मीठ कमी की जास्त यावरून भांडत होत्या.

"मम्मी," ओडेट दारात उभी राहून म्हणाली.

तिच्या दोन्ही हातांवर एक कॅराइट होता. लांबसडक, ताजा, अजून कल्ले हलत होते. तिच्या फ्रॉकच्या बाह्यांवरून पाणी गळत होतं. त्या दिवशी शंख वाजला नव्हता.

वर्लिन फळी सोडून धावली. "कुठून उचललास?"

"उचलला नाही. दिला."

"वाळूवर ठेवला होता?" मिस युलालीने विचारलं. तिच्या हातातली चादर खाली पडली.

"नाही." ओडेटला या मोठ्या माणसांचा कंटाळा आलेला दिसत होता. "हातात दिला. पायरीवर."

मिस युलालीने वर्लिनकडे पाहिलं. वर्लिनने मिस युलालीकडे. मग म्हातारीचा चेहरा हळूहळू सैल पडला. तिने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस केला आणि खुर्चीत बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"हातात दिला ना? मग तुमचा," ती म्हणाली. "मोकळ्या झालात गं पोरींनो. लान्याप आलंय."

वर्लिनने पोरीसमोर बसून तिचे तळहात पाहिले. एकही रेघ नव्हती.

"थँक्यू म्हणालीस का त्याला?" तिने विचारलं.

"म्हणाले ना."

"शहाणी गं माझी."

तिने बाहेर पायरीवर जाऊन पाहिलं नाही. मॅक्सी पुलावर हॉर्न वाजवून वाजवून गेली, तर जाऊ दिली. चूल पेटवली, लिंबू चिरलं. ओडेटने अर्धा मासा खाल्ला, मिस युलालीने थोडा, आणि उरलेला वर्लिनने, बोटं चाटून.

डोकं तेवढं तिने खाल्लं नाही.